पितळेची फिरकी

आमचे भावोजी नवा पाना विकत आणत आणि घरी आल्या आल्या त्याची मान वाकवत.

पालघरच्या बाजारातून आणलेला, तेलकट कागदात गुंडाळलेला, चकचकीत पाना. दुसरा कोणी असता तर तो पाना मांडीवर घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत बसला असता. भावोजी चपला काढायच्या आधी परसात जात, भात्यावर कोळसे फुलवत, पाना लाल करत आणि दगडावर ठेवून हातोडीने त्याला असं काही वाकवत की दुकानदाराने पाहिलं असतं तर घेरी येऊन पडला असता. मग तो बादलीत बुडवायचा. ‘छर्र’ असा आवाज आला की त्यांचा जीव शांत होई. चहा त्यानंतर.

“सरळ पाना दुकानात शोभतो, मास्तर,” ते मला सांगत. “इंजिनात सगळं आडबाजूला असतं.”

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हरिभाऊ. राहायला घिवलीला. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधली पाण्याची इंजिनं, पाम गावातली भाताची गिरणी, बोईसरच्या रस्त्यावर आडवा झालेला एखादा ट्रक, या सगळ्यांचं दुखणंखुपणं त्यांच्याकडे येई. मी पालघरला शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘मास्तर’ म्हणत, आणि अशा सुरात म्हणत की मास्तर म्हणजे यंत्र पुन्हा जोडून झाल्यावर उरलेला एखादा वॉशर असावा.

पाने वाकवून भागलं असतं तर ठीक होतं. पण त्यांच्या घरात सरळ असं काही राहिलंच नव्हतं. कालथा वाकवलेला, कारण चुलीच्या मागच्या कोपऱ्यातली भाकरी उलटायला बरा पडतो. पळी वाकवलेली, कारण बरणीच्या खांद्याखाली लोणचं अडकून राहतं. दाराची कडी अशी फिरवलेली की बाहेरून बोट घालून ती फक्त घरच्यांनाच निघे. मी पाहुणा म्हणून गेलो की दारात उभा राहून मोठ्याने खाकरत असे, मग कोणीतरी येऊन दार उघडी.

“ह्या घरात सरळ अशी मी एकटी उरलेय,” बाय म्हणायची. बाय म्हणजे माझी बहीण. आम्ही सगळी भावंडं तिला बायच म्हणत आलो.

“तूपण माहेरून आलीस तेव्हा होतीस,” भावोजी म्हणायचे. “आता बघ.”

आणि बाय तोंडाला पदर लावून हसायची. तिला नवऱ्याचा विनोद आवडे, ही त्या संसारातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. इतरांना तो कळायला वेळ लागे.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत सगळ्यांना नावं होती. बगळ्यासारख्या लांब मानेचा पाना तो ‘बगळा’. टोकाला आकडा केलेली लवचीक तार होती, इंजिनाच्या पोटात पडलेला नट उचलून आणायची, ती ‘बोंबील’, कारण हातात धरली की लुळी पडे. आणि एका जाड तारेच्या टोकाला पावडरच्या डबीतला गोल आरसा बसवलेला होता. जिथे डोळा पोचत नाही तिथे तो आत सरकवायचा आणि पाठीमागचं काय ते बघून घ्यायचं. त्या आरशाचं नाव ‘सासूबाई’.

“मागचं पुढचं सगळं बघते,” ते गिऱ्हाइकांना सांगत. “हिच्यापासून काय लपत नाय.”

त्यांच्या सासूबाई म्हणजे माझी आई. हे त्यांच्या ध्यानात नसे असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. मग एकदा आई समोर बसलेली असताना ते मला म्हणाले, “मास्तर, जरा सासूबाईंना पुसून द्या, धूळ बसलीय.” आईने चष्मा पुसायला काढला. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि मी मात्र आरसा शोधत राहिलो.

विद्या त्यांची अशी, की ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. अडचणीतल्या जागी नट लावायचा असेल तर बोटाच्या टोकाला चिकूचा चीक लावत. फळ तोडल्यावर देठाला पांढरा चीक येतो, तो जरा वाळू द्यायचा. नट बोटाला असा धरून राहतो की बोट बाहेर काढायची चोरी. बोट पोचत नसेल तर नटाला दोरा गुंडाळत आणि टोक हळूहळू ओढत. नट भोवऱ्यासारखा फिरत आपला आपण जागेवर जाऊन बसे. आणि खरं अवघड काम आलं की डोळे मिटत.

“डोळे उघडे ठेवले की डोळेच काम करतात,” ते म्हणत. “बोटं आळशी होतात.”

गंजून बसलेल्या नटाला ते ‘जावई’ म्हणत. जावयाला ओढायचं नाही. त्याला आधी घासलेट पाजायचं, मग पाट द्यायचा, म्हणजे अंगावर हातोडीने हलकेच टकटक करायचं, मग बसू द्यायचं. घाई केली की रुसतो आणि डोकंच तुटतं. मग जन्माचं वैर.

“आमाला मुलगी नाय,” एकदा ते इंजिनाखालून म्हणाले होते, “म्हणून आमचे जावई सगळे इथे.”

हे ते सहज म्हणाले. बाय चहाचे कप घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले आणि आत गेली. त्या दोघांना मूल झालं नव्हतं. भावोजींनी पुन्हा तो विनोद केला नाही. जावई मात्र तसेच राहिले, मुलीशिवाय.

आणि एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. पामच्या गिरणीचा मालक असो, वाडीवाला असो, की मी, सगळ्यांना ते एकाच तोऱ्यात ऐकायला मिळे: “निघत नाय असं काय नसतं. तुमी चुकीच्या बाजूने आलेले असता.”

यात बढाई होती का? होती. भरपूर होती. किनाऱ्यावर वीजघराचं काम सुरू झालं तेव्हाची गोष्ट. बोईसरच्या रस्त्यावर परमुलखातले ट्रक धुरळा उडवत जायला लागले होते. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला भावोजी निघाले, धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि वाटेत एक ट्रक बंद पडलेला दिसला. ड्रायव्हर टायरवर बसून नशिबाला शिव्या देत होता.

“क्या हुआ?” भावोजींनी विचारलं.

“पीछे का बोल्ट है, उस्ताद. हाथ नहीं जाता.”

“हात नाय जात तर बोट जायेगा,” भावोजी म्हणाले आणि कोट काढून बायच्या हातात दिला. त्यांची हिंदी अशीच होती. मराठीला धक्का मारून पुढे ढकललेली. पेटी बरोबर होतीच. लग्नाला कोण हत्यारांची पेटी घेऊन जातं असं कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. बोल्ट निघाला, नवा बसला, ट्रक गेला, आणि मंगलाष्टकं सुरू होताना भावोजी मांडवात शिरले. अंतरपाट धरायला माणूस कमी पडत होता. त्यांनी पुढे होऊन धरला. पांढऱ्या अंतरपाटावर त्यांची काळी बोटं ठळक उमटली. आई म्हणाली, “चला, साक्षीदाराची सही झाली.” तो अंतरपाट आमच्या घरी कोणी धुतला नाही. अजून ट्रंकेत आहे.

आता माझ्याविषयी. मला यंत्रातलं काही कळत नाही हे मी आधीच सांगायला हवं होतं. सुट्टीत मी घिवलीला गेलो की भावोजी मला बरोबर नेत, आणि माझ्याकडे एकच काम देत: सासूबाई धरणे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात आरसा. आणि माझा हात थरथरे. शाळेत खडू धरून धरून माझ्या हाताला लिहिण्याची सवय लागली आहे, स्थिर राहण्याची नाही.

“मास्तर, सासूबाईंना थंडी वाजतेय,” इंजिनाखालून आवाज येई.

मी श्वास रोखून धरी. सासूबाई आणखी थरथरत.

एकदा त्यांनी मला बढती दिली. वाडीतल्या इंजिनामागे एक नट होता. “तुमचे हात पोरींसारखे हायत,” ते म्हणाले, “जातील आत. सासूबाई मी धरतो.” मी हात घातला, आरशात नट पाहिला, आरशात पाहत तो फिरवायला लागलो. फिरत होता. मला काय आनंद झाला! घाम पुसत पुसत मी बराच वेळ फिरवला. मग तो फिरेना.

भावोजींनी हात घालून चाचपलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

“मास्तर, काढताय का बसवताय?”

“काढतोय की. आरशात सैल होताना दिसत होता.”

“आरशात घड्याळपण उलटं चालतं!” ते ओरडले. “सासूबाईला इचारायचं, नट कुठे हाय. कुठल्या बाजूला फिरवायचा ते तिला इचारायचं नाय. ती उलटंच सांगते. आरशात सुटताना दिसला म्हणजे तो बसतोय.”

ते वाक्य त्यानंतर माझ्या पाठीमागे लागलं. मी बाटलीचं झाकण उघडायला घेतलं, कंदिलाची वात वर करायला गेलो, की बाय स्वयंपाकघरातून विचारी, “काढतोयस का बसवतोयस?” माझी मुलंसुद्धा विचारायला लागली. यंत्रशास्त्रातली एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात पक्की कळली: आरशात सुटताना दिसतं ते बसत असतं.

बायच्या कानातल्या कुड्यांची गोष्ट याच्याही आधीची आहे. मोत्यांच्या, सोन्यात बसवलेल्या कुड्या. त्या घरातली रीत अशी, की नवी सून आली की त्या तिच्या कानात जायच्या. भावोजींच्या आईनंतर त्या मोठ्या वैनींकडे, म्हणजे भावोजींच्या थोरल्या भावाच्या बायकोकडे आल्या. बाय लग्न होऊन आली तेव्हा मोठ्या वैनींनी आपल्या कानातल्या काढून आपल्या हाताने तिला घातल्या. पुढे वैनींच्या मुलाची बायको येईल तेव्हा बायने तिला द्यायच्या, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत बाय विहिरीवर वाकली आणि डाव्या कुडीची फिरकी, म्हणजे कानामागून कुडी अडकवायचा तो इवलासा नट, पाण्यात पडली. कुडी हातात राहिली. घरात बोलाचाली झाली. भावोजींनी बोंबील सोडला, बगळा सोडला, स्वतः दोर बांधून खाली उतरले. फिरकी मिळाली नाही. ते कबूल मात्र करीनात.

“निघेल. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊ दे, निघेल.”

तारापूरला सोनार होता. त्याने सोन्याची नवी फिरकी करून दिली असती. भावोजी तयार होईनात. “आट्यांचं काम सोनाराला काय कळतंय?” म्हणाले. आटे म्हणजे स्क्रूवरच्या त्या गोल चढत गेलेल्या खाचा. इंजिनाच्या तेलाच्या नळीचा एक पितळी बोल्ट त्यांनी घेतला आणि त्यातून फिरकी कोरायला बसले. रोज संध्याकाळी, ओट्यावर, कानस घेऊन. मोहरीएवढी वस्तू. तुटायची, हरवायची, पुन्हा नवी. पावसाळा संपला तेव्हा फिरकी झाली.

ती बसवायचा कार्यक्रमही ओट्यावरच झाला, भर उन्हात, येणारी जाणारी माणसं बघत असताना. बाय लाजून मान खाली घालत होती आणि भावोजी तिची मान वर करत होते. बोटाला चिकूचा चीक, डोळे मिटलेले. शेजारच्या बाया कुंपणाला टेकून हसत होत्या.

“अवो, दुखतंय!”

“गप. आटे लागतायत.”

फिरकी बसली ती अशी घट्ट, की पुन्हा फिरवायचं नाव नको. आटे जरा चुकले होते. भावोजींनी ते कधी मान्य केलं नाही. “आता ही निघायची नाय,” एवढंच म्हणाले.

“कोणाला काढायचीय?” बाय म्हणाली.

उजवी कुडी ती न्हाताना काढून ठेवी. डावी कधी निघाली नाही. सोन्याच्या कुडीला पितळेची फिरकी म्हणून जावा हसत, आणि बाय अभिमानाने कानाची पाळी वळवून त्यांना पाठीमागचं पितळ दाखवी. चिंचेने घासून ती ते लख्ख ठेवायची.

मग बाय आजारी पडली. पोटात गाठ होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं की आता घरी न्या, खायला जे मागेल ते द्या.

मला कळलं. भावोजींना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

“समोरून उघडलं ना, डॉक्टरसाहेब?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बाजूने का नाय बघितलं? बाजूने जागा असते कधी कधी.”

डॉक्टरांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. भावोजी त्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या यंत्रावर आपण हात ठेवतो तसा तो हात होता, दुरुस्त होणार नाही हे कळल्यावर.

घरी आणल्यावर ते बाजूने जायला लागले. मनोरचा वैद्य झाला. डोंगरातल्या एका म्हाताऱ्याचा पाला झाला. रात्री भिजत घालायचं, सकाळी गाळायचं, सगळं ते स्वतः करत. इंजिनाची कामं हळूहळू बंद झाली. माणसं बोलवायला येत आणि ओट्यावरूनच परत जात. भाता मात्र परसात पेटलेला असे.

बायला मान उचलवेना. त्यांनी तांब्याची नळी अशी वाकवली की निजल्या जागी पाणी तिच्या ओठाशी यावं. चमच्याला वळण दिलं, पेज सांडू नये म्हणून. फणीलासुद्धा लांब वाकडा दांडा बसवला, म्हणजे तिला आपले केस आपण विंचरता यावेत. दुसऱ्याने विंचरलेले तिला आवडत नसत. आणि सासूबाई. सासूबाईंना त्यांनी खिडकीच्या गजाला तारेने असं बांधलं की पडल्या पडल्या बायला अंगण दिसे, चिकूचं झाड दिसे आणि फाटकातून कोण येतं ते दिसे.

मी पालघरहून एस.टी.ने जायचो. फाटक उघडलं की आतून बारीक आवाज येई, “मास्तर आले. डाव्या हातात पिशवी हाय.”

पिशवी उजव्या हातात असे. आरशात उलटं दिसायचं. मी तिला कधी सुधारलं नाही.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. भावोजी पायथ्याशी बसून तिच्या तळव्यांना तेल चोळत होते. मोठ्या वैनींच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, ती बातमी आदल्या दिवशी येऊन गेली होती. बायने आपला हात वर नेला आणि डाव्या कानाची पाळी चाचपली.

“अवो,” ती म्हणाली, “उजवी द्या वैनींना. आनंदाने द्या. मी दिली म्हणून सांगा.”

“कशाला आता ते?”

“ऐका. पण ही तुमी बसवलीय. तुमी काढू नका.”

भावोजी तेल चोळत राहिले.

“काय सांगतेय मी?”

“निघत नाय असं काय नसतं,” भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मोठा, वाडीतल्या इंजिनावर मात करणारा. “हे दुखणंपण निघेल. आपण चुकीच्या बाजूने गेलो. आता बघ.”

बाय माझ्याकडे बघून जरा हसली. “काढतायत का बसवतायत, काय कळत नाय ह्यांचं,” ती म्हणाली.

ती गेली ती सकाळची, ऊन अंगणात आल्यावर. मी पोचलो तेव्हा बाया जमल्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता, हातात हिरव्या बांगड्या होत्या. ओटी भरायची तयारी चालली होती. त्याआधी अंगावरचं सोनं उतरवायचं. मोठ्या वैनी रडत रडत ते करत होत्या. त्यांनी बायला आपल्या हाताने घातलं होतं, आपल्याच हाताने काढत होत्या. त्यांच्याबद्दल मला कधी राग वाटला नाही. मंगळसूत्र काढलं, मण्याएवढं सोनं तोंडात ठेवायला बाजूला काढलं, उजवी कुडी काढली. डाव्या कुडीपाशी त्या थांबल्या. दोनतीन बायांनी प्रयत्न केला. फिरकी फिरेना.

“हरीला बोलवा,” वैनी म्हणाल्या. “त्याच्याशिवाय कोणाला निघायची?”

भावोजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. वैनी दारात आल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “हरी, बाबा, एवढं कर. तुझ्या आईच्या कुड्या हायत. दोन्ही मिळून असतात त्या. सून येईल, तिला एका कानात काय घालू?”

हे खरंच होतं. कोणी काही चुकीचं बोलत नव्हतं. आणि बाय असं असं म्हणाली होती, असं त्या भरल्या घरात सांगणं भावोजींना शक्य नव्हतं. बायकोच्या हौसेपायी आईचं सोनं जाळलं, असं जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि त्यांना नाही, तिला. गेलेल्या माणसाच्या नावाला असलं काही चिकटलं की ते निघत नाही.

भावोजी उठले. पेटी घेतली. खिडकीपाशी जाऊन गजाची तार सोडवली आणि सासूबाई माझ्या हातात दिली.

“मास्तर, धरा. कानाच्या मागे.”

मी बायच्या उशाशी गुडघ्यावर बसलो आणि तिच्या कानामागे आरसा धरला. आरशात ती इवलीशी पितळी फिरकी दिसत होती. लख्ख होती. शेवटच्या दिवसांत ती कोणी घासली असेल, मला ठाऊक नाही. ठाऊक आहे, पण लिहीत नाही.

बाया मागे सरकल्या. भावोजींनी तेलाचा एक थेंब सोडला. वाट पाहिली. जावयाची पाहतात तशी, घाई न करता. मग त्यांनी दोन बोटांनी फिरकी धरली आणि डोळे मिटले.

त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बगळा घेतला, खाली ठेवला. कुठली तरी बारीक चिमटी घेतली, पुन्हा बोटंच लावली. बाहेर कोणीतरी बांबू तोडत होतं तेवढा आवाज.

मग त्यांनी डोळे उघडले.

“निघत नाय,” ते म्हणाले.

वैनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुला? तुला नाय निघत?”

“नाय निघत, वैनी. आटेच चुकले होते माझे. चुकीच्या बाजूने आलो मी.”

तीस-चाळीस माणसं होती त्या घरात. त्यातल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा त्यांच्या तोंडून ते ठरलेलं वाक्य ऐकलं होतं. हे पहिल्यांदा ऐकलं. बायांमधून कोणीतरी हळूच म्हणालं, “कातर घ्या मग, पाळीला जरा...” तेव्हा ओट्यावरून म्हातारे तात्या बोलले. गावात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

“कातर नको. हरिभाऊला निघत नाय म्हणजे ती निघायची नाय. जाऊ द्या पोरीला.”

वैनींनी मान हलवली. बायच्या कानावरून हात फिरवला आणि ओटीचे तांदूळ हातात घेतले.

घिवलीत अजून ही गोष्ट सांगतात. एवढा मोठा मिस्त्री, पण बायकोच्या कानातली फिरकी नाय निघाली त्याला. भावोजींसमोरही सांगतात. ते ऐकून घेतात. आता ते कोणाला ‘चुकीच्या बाजूने आलात’ असं म्हणत नाहीत. बोलावलं तर जातात, काम करतात, घरी येतात. नवे पाने आणतात, पण पेटीत सरळच पडून असतात.

आरसा मात्र माझ्या हातात होता, त्यामुळे मला जे दिसलं ते दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं. भावोजींनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं हलायला लागली, तेव्हा फिरकी फिरत होती. थोडी थोडी, पण फिरत होती. आरशात ती सुटताना दिसत होती.

आरशात सुटताना दिसत होती.

माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. काढताय का बसवताय. बाय असती तर स्वयंपाकघरातून तिनेच विचारलं असतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि आरसा धरून ठेवला. तो जरासुद्धा हलला नाही.